मैंदर्गीच्या फोनची मिनिटं

मैंदर्गीचा फोन संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास यायचा. माझी मुलगी आठवीत आहे. फोन वाजायच्या आधीच ती वही मिटून खिडकीजवळच्या खाटेवर जाऊन बसलेली असायची. पलीकडे तिचा मामा, म्हणजे माझ्या बायकोचा थोरला भाऊ. मैंदर्गी या सीमेवरच्या गावात त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी उघडायच्या, जुनी तार काढायची आणि नवी तांब्याची तार भरायची, हा त्याचा धंदा. त्याला मूलबाळ नाही. हे मी इथंच सांगून टाकतो, कारण पुढं मी जे केलं ते करताना ही गोष्ट मला पूर्ण माहीत होती.

मी मूळचा माळशिरस तालुक्यातला. सोलापुरात एका टॉवेलच्या कारखान्यात माल तपासतो. गठ्ठ्यातून नमुने काढायचे, वजन करायचं, काच लावून इंचात किती धागे बसलेत ते मोजायचं आणि लिहून ठेवायचं. एकवीस वर्षं हेच काम. त्यामुळं घरातही माझी मोजदाद चालूच असते. बायको पाहुण्यांना सांगते, "मुलगी झाली तेव्हा ह्यांनी नर्सला पहिलं वजन विचारलं, मग मुलगा का मुलगी ते." लोक हसतात. गोष्ट खरी आहे.

बायकोचं माहेर कानडी. लग्नाला सतरा वर्षं झाली तरी "ऊटा आतेन?" म्हणजे जेवण झालं का, यापलीकडं मला कानडी येत नाही. सगळ्यांना मराठी येतंच, मग शिकायची गरज काय, असं तेव्हा वाटलं होतं. मुलगी दोन्ही बोलते. माझ्याशी मराठी, आईशी अर्धं-अर्धं आणि मामाशी निव्वळ कानडी. कानडी बोलताना तिचा आवाजच वेगळा लागतो. भरभर बोलते, मध्येच ओरडते, हसता हसता खाटेवर आडवी होते. मी समोरच्या खुर्चीत पेपर धरून बसलेला असायचो. ती कशाला हसली ते मला कधीच कळायचं नाही.

एकदा न राहवून विचारलं, "एवढं काय म्हणाला मामा?"

"काही नाही पप्पा. मराठीत सांगितलं की त्यात हसू येत नाही."

कारखान्यात साडेचारला चहाची सुट्टी होते. त्या वेळी ती शाळेतून येऊन, जेवून घरी असते. मी रोज फोन करायचो.

"जेवलीस?"

"हो."

"डबा संपवलास?"

"हो."

"अभ्यास?"

"करतेय."

"बरं. ठेवू का?"

"ठेवा."

'ठेवू का' हे मीच विचारायचो. एकदा तरी ती 'थांबा की' म्हणेल, असं वाटायचं.

तिच्या हातातला फोनही मामाचाच. शाळा घरात भरायची त्या वर्षी तिला फोन लागणार होता. मी घेणारच होतो. चार फोनांची बॅटरी, किंमत, वजन असा तक्ताही करून ठेवला होता. माझा तक्ता पुरा व्हायच्या आत एका रविवारी मामा एसटीनं आला, स्वतःच्या खिशातला फोन काढून तिच्या हातात ठेवला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. तेव्हापासून तो बटणांचा फोन वापरतो. घरातले सगळे त्याच्या मनाच्या मोठेपणाबद्दल बोलत राहिले. माझा तक्ता रद्दीत गेला.

गेल्या मे महिन्यात ती पंधरा दिवस मैंदर्गीला राहून आली. बोटांवर तांब्याच्या तारेचे ओरखडे होते आणि ती ते मिरवत होती. म्हणाली, "पप्पा, मामा न मोजता सांगतो किती वेढे झाले ते. हाताला कळतं म्हणतो." मी म्हणालो, "मोजल्याशिवाय कुणाला काही कळत नसतं." ती म्हणाली, "मी मोजून बघितलं ना. बरोबर होतं." त्या दिवशी जेवताना मी भाजीत मीठ जास्त आहे एवढंच म्हणालो. मीठ बरोबर होतं.

दिवाळीची सुट्टी संपली आणि तिचं डोकं दुखायला लागलं. शाळेतून आली की कपाळ धरून पडायची. आठवड्यातून तीन वेळा, कधी चार. त्याच सुमारास आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी एक मजकूर टाकला. एका लहान मुलाच्या डोक्याचं काळं-पांढरं चित्र आणि खाली लिहिलेलं, की मुलांची कवटी पातळ असते, फोनच्या लहरी आत खोलवर जातात आणि मेंदूत गाठ होण्याचा धोका अनेक पटींनी वाढतो. वाचून मी घाबरलो. ती भीती खरी होती. पण दुसऱ्यांदा वाचताना माझ्यातल्या तपासनिसानं विचारलं, अनेक म्हणजे किती? आणि कशाच्या पटीत? कुणी तपासलं, किती मुलं तपासली? त्यातलं काहीच तिथं नव्हतं. कारखान्यात असा कागद कुणी पुढं केला असता तर मी तो वाचून संपायच्या आत परत दिला असता. हा मात्र मी जपून ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून मी वही सुरू केली. रोज रात्रीच्या जेवणाआधी 'बॅटरी बघतो' म्हणून तिचा फोन घ्यायचो आणि कुणाशी किती मिनिटं बोलली ते उतरवून काढायचो. तिचे मेसेज मी कधी उघडले नाहीत, याचा मला तेव्हा अभिमानही वाटत होता. रकाने चार: मैंदर्गी, मैत्रिणी, शाळा आणि मी. मैंदर्गीचा रकाना लाल शाईत. डोकं दुखलं त्या दिवशी तारखेपुढं फुली.

बेचाळीस दिवस झाले तेव्हा बेरीज मारली. मैंदर्गीचे एकोणचाळीस फोन, एक हजार तीनशे सव्वीस मिनिटं. एका फोनला सरासरी चौतीस. माझ्या रकान्यात छत्तीस फोन, एकूण एकसष्ट मिनिटं. म्हणजे फोनला पावणेदोन मिनिटंही नाहीत. गाठीची भीती मी विसरलो होतो असं नाही, पण ही बेरीज बघताना माझ्या मनात गाठ नव्हती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी गच्चीवर जाऊन मी मैंदर्गीला फोन लावला.

"दाजी? आज तुमीच फोन केला? बरं हाय ना सगळं?" मागं दुकानात कुणीतरी हातोडी मारत होतं.

"पोरीचं डोकं दुखतंय दिवाळीनंतर."

"दिवाळीच्या आदीपासनं की. मला बोलली हुती. पित्त असंल म्हणलो मी, उपाशी शाळेला जाऊ नको म्हणलो."

त्याला आधीच माहीत होतं. माझी पहिली नोंद दिवाळीनंतरची होती आणि मी ती बरोबर धरून चाललो होतो. या एका वाक्यानं मला जे बोलायचं नव्हतं तेही बोलायला लावलं. मी वही उघडून त्याला वाचून दाखवली. दिवस, फोन, मिनिटं, सरासरी.

"तुमी मोजलं व्हय हे सगळं?" तो हसत म्हणाला.

"मोजावं लागतं. फोनच्या लहरींनी लहान मुलांच्या मेंदूत गाठ होते. ट्यूमर."

हातोडीचा आवाज थांबला. त्यानंच हात करून थांबवला असावा.

"कुणी सांगितलं?"

"छापून आलंय." छापून आलेलं नव्हतं.

तो म्हणाला, "फोन मीच दिला तिला."

यावर 'तसं काही नाही' म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "हो."

"बहिणीला सांगू नका, दाजी. घाबरंल ती. पोरीला तर न्हायच. मी करत न्हाय फोन आजपासनं. तेवढं डाक्टरला दाखवा. काय निघालं तर पहिल्यांदा मला सांगा."

त्या संध्याकाळी सव्वासात वाजले, साडेसात वाजले. ती खाटेवर बसून होती. मग तिनंच फोन लावला. मामीनं उचलला आणि मामा दुकानात आहे म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिनं आईला विचारलं आणि आई म्हणाली, "अण्णाला मोटारींचा सीझन असेल." तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "कामात असेल." पाचव्या दिवसापासून ती खाटेवर बसायची बंद झाली.

मी तयारीत होतो. टीव्ही बंद ठेवायचो, पेपर बाजूला ठेवायचो. "गणितात काही अडलंय का?" विचारायचो. "नाही," म्हणायची. "चल, भाजी आणायला येतेस?" "डोकं दुखतंय पप्पा." चौतीस मिनिटं रोज मोकळी झाली होती आणि त्यातलं एकही माझ्या वाट्याला आलं नाही. ती आतल्या खोलीत जाऊन दार लोटून पडायची.

आणि डोकं दुखायचं थांबलं नाही. वही चालूच होती. मामाचे फोन बंद व्हायच्या आधीच्या बारा दिवसांत सात वेळा दुखलं होतं. बंद झाल्यावर बारा दिवसांत आठ वेळा दुखलं. ते दोन आकडे मी शेजारी शेजारी लिहिले. फोन शून्यावर आला होता आणि दुखणं जागच्या जागी होतं. म्हणजे कारण दुसरंच काहीतरी होतं. मी मामाला जी भीती घातली ती आता माझ्या घरात येऊन बसली. दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिला डॉक्टरकडं नेलं. बायकोही आली.

डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी डोळ्यांत उजेड टाकून बघितलं, एका रेषेत चालायला लावलं, बोट नाकाला लावायला सांगितलं. सकाळी उलट्या होतात का, तोल जातो का, एकाचे दोन दिसतात का, असं विचारलं. सगळ्याला नाही. मग मी पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"फोनची नोंद आहे मॅडम. चोपन्न दिवसांची."

त्यांनी पानं उलटली. "बरीच मेहनत घेतलीय. मैंदर्गी म्हणजे?"

"तिचा मामा."

"मैत्रिणी, शाळा. आणि हे 'मी'?"

"माझे फोन. कामावरून करतो ते."

"मग लाल शाई एकट्या मामालाच का?"

मी वहीची पानं सारखी करायला लागलो. बाई सहज म्हणाल्या, "लहरींना कळतं का हो, फोन मामाचा आहे की वडलांचा?"

बायको आधी हसली. मग वहीकडं बघून तिचं हसू थांबलं.

बाईंनी मुलीला विचारलं, "बोलताना फोन कुठं धरतेस?"

"धरत नाही. खिडकीत ठेवते. तिथंच रेंज येते. वायरचे इअरफोन लावते."

"हे लिहिलंय का यात?" बाईंनी मला विचारलं. लिहिलेलं नव्हतं. रोज संध्याकाळी तो फोन खिडकीत बघत होतो आणि डोक्यापासून तो किती लांब आहे, ही एकच गोष्ट मी मोजली नव्हती.

त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. यावर बऱ्याच पाहण्या झाल्यात, मुलांवरही झाल्यात. फोनमुळं मुलांना मेंदूच्या गाठी होतात, असं त्यांतून ठामपणे पुढं आलेलं नाही. पण शंका पार मिटली असंही शास्त्रज्ञ म्हणत नाहीत, तपास चालूच आहे. म्हणून आम्ही सांगतो की फोन कानाला कमी लावा आणि रेंज नसेल तिथं लांबलचक बोलू नका, कारण तेव्हा फोन जास्त जोर लावतो. फोन हातभर लांब ठेवला तर डोक्यापर्यंत पोचणारं प्रमाण खूपच कमी होतं. "ही मुलगी ते सगळं आधीच करतेय," त्या म्हणाल्या. मग मुलीला म्हणाल्या, "समोरच्या कॅलेंडरवरच्या तारखांखाली बारीक अक्षरं आहेत, वाच बरं."

ती डोळे बारीक करून बघत राहिली. "कुठली अक्षरं?"

"फळ्यावरचं दिसतं का?"

"शेजारणीच्या वहीतून घेते उतरवून."

डोळ्यांच्या डॉक्टरकडं त्याच दुपारी गेलो. दोन्ही डोळ्यांना नंबर निघाला. सकाळी काही न खाता शाळेत जायची, तेही बंद करायला सांगितलं. चष्मा लावून पंधरा दिवसांत डोकं दुखायचं थांबलं नाही तर पुन्हा या, मग पुढचं बघू, असं पहिल्या बाईंनी बजावलं होतं.

परत येताना रिक्षात मुलगी आमच्या दोघांच्या मध्ये होती. सात रस्ता चौकाच्या पुढं आल्यावर बायको म्हणाली, "अण्णाला काय सांगितलंत तुम्ही?"

"मी?"

"अहो, वहिनी काल सांगत होती, हे दोन घास खाऊन उठतात, विचारलं तर बोलत नाहीत. बारा-तेरा दिवस झाले म्हणे. काय सांगितलंत?"

मी सांगितलं. रिक्षाचा आवाज मोठा होता, त्यामुळं 'गाठ' हा शब्द मला दोनदा सांगावा लागला.

बायकोनं तोंड बाहेर वळवलं. मुलगी म्हणाली, "त्याला वाटतंय माझ्या डोक्यात गाठ आहे?"

"मी आज सांगणारच आहे त्याला."

"मला वाटत होतं, माझंच काहीतरी बोलायचं चुकलं," ती म्हणाली. "सारखं आठवत होते की त्या दिवशी मी काय बोलले."

घरी आल्यावर मी फोन घेऊन गच्चीकडं निघालो तर ती म्हणाली, "इथंच करा. माझ्यासमोर." असं ती माझ्याशी पूर्वी कधी बोलली नव्हती.

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. "दाजी. काय निघालं?"

"काही नाही निघालं. गाठ वगैरे काही नाही. चष्मा लागलाय."

"माझी शपथ?"

"तुमची शपथ. आणि फोनचा संबंध नाही. डॉक्टरांनीच सांगितलं."

"पण तुमी आकडे वाचले की दाजी. एवढी मिनिटं, तेवढी मिनिटं."

"आकडे बरोबर होते. त्यावरून मी जे सांगितलं ते बरोबर नव्हतं."

मुलगी समोर उभी होती. "पूर्ण सांगा," ती हळूच म्हणाली.

"ती तुमच्याशी चौतीस मिनिटं बोलते," मी म्हणालो, "आणि माझ्याशी पावणेदोन. मला ते बघवत नव्हतं."

स्वयंपाकघरात बायकोनं नळ बंद केला.

"दाजी," तो म्हणाला, "तेरा दिवस मी मोटार उघडली की मला तिचं डोकं दिसायचं. तार भरायला हात चालत नव्हता. तुमी हितं येऊन मला दोन मुस्काडीत मारल्या असत्या तरी चाललं असतं की."

"हो," मी म्हणालो.

"परत असं करू नका."

"नाही करणार."

"द्या तिला."

मी फोन दिला, तिनं तो स्पीकरवर टाकला आणि मी खुर्चीत बसलो. उठून जावं की बसावं ते ठरत नव्हतं. ती एक वाक्य कानडीत बोलली, मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मामा, पप्पा इथं बसलेत. मराठीत बोलू या."

मग ते मराठीत बोलले. जेवलास का. जेवतो की आता. दुकान कसंय. चाललंय. चष्म्याची फ्रेम कसली घेतली. अजून नाही घेतली. दोघंही सांभाळून बोलत होते, पाहुण्यांसमोर बोलावं तसं. हे ऐकायला मी वर्षभर तडफडत होतो आणि त्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं.

"चालू द्या तुमचं," म्हणून मी उठलो आणि गॅलरीत गेलो. वाळत घातलेले कपडे काढायला लागलो. आत कानडी सुरू झाली. आधी हळू, मग ती रडायला लागली. रडत रडत काहीतरी विचारत होती आणि तो पलीकडून तेच तेच उत्तर देत होता. मला एक अक्षर कळत नव्हतं. मग तो काहीतरी म्हणाला आणि ती रडता रडताच हसली. माझ्या छातीत जी कळ उठायची ती तशीच उठली, सवयीनं. जरासुद्धा कमी नव्हती. मी कपडे खांद्यावर टाकले आणि आत न जाता गॅलरीचं दार बाहेरून ओढून घेतलं.